श्वेताचं लाल स्टूल

सोमवार, संध्याकाळ

आज वाचनालयाच्या बैठकीत नुसतं श्वेता, श्वेता. माझी साहाय्यक, येऊन वर्षही झालं नाही! पुढच्या दहा वर्षांचा आराखडा करायचा म्हणून लोकांना काय हवंय ते विचारायचं होतं. मी फॉर्म छापून काउंटरवर ठेवले. सभासदांनी भरले, बहुतेकांनी 'सेवा उत्तम' लिहिलं. ही मात्र लाल प्लास्टिकचं स्टूल उचलून शिरगावच्या भाजीबाजारात जाऊन बसली आणि जे कधी येतच नाहीत त्यांना 'का येत नाही?' विचारत सुटली. अध्यक्ष सगळ्यांसमोर म्हणाले, "सर, हे तुम्हाला कसं नाही सुचलं?" मी हसलो. जळफळाट झाला नुसता.

आणि स्टूल तरी कुणाचं? माझ्या टेबलाखालचं. मी त्यावर पाय ठेवतो.

तिचे कागद मुद्दाम घरी आणले, चुका काढायला. एक तरी सापडेल ना? तर मधल्याच एका कागदावर माझ्या बायकोचं नाव! 'वाचायची फार आवड. दुपारी दोन ते चार मोकळी असते, पण तेव्हा वाचनालय बंद.'

बंद मीच करतो. घरी येऊन जेवतो, झोपतो.

स्वयंपाकघरात जाऊन विचारलंच, "इतक्या वर्षांत मला का नाही सांगितलंस?"

कणीक मळता मळता म्हणाली, "अहो, तिने मला स्टूलवर बसवलं, स्वतः खाली बसली आणि मग विचारलं."