यादीबाहेरची पहिली

आई, ती शिष्यवृत्तीची यादी आठवते ना, जिच्यात माझं नाव एका जागेनं हुकलं? त्या यादीबद्दल मी तुझ्यापासून एक गोष्ट लपवली. तुला जाऊन अठरा वर्षं झाली, तरी ती बोलायला जीभ रेटत नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

मी सातवीत होते. तू आमच्याच शाळेत खिचडी शिजवायचीस, आणि सातवी झाली की पोरीला घरी बसवा, असा काकांनी धोशा लावला होता. शिष्यवृत्ती मिळाली की त्यांचं तोंड बंद होईल, हे तू मनाशी धरून बसली होतीस. परीक्षेला पिरंगुटला तूच घेऊन गेलीस. मी आत, तू फाटकाबाहेर लिंबाखाली, मांडीवर पिशवी घेऊन. वेळ संपायला अवकाश होता आणि मी बाहेर! काय फुलला होता तुझा चेहरा. "समद्यांच्या आदी आली माझी पोर," असं शेजारी बसलेल्या बाईला ऐकवलंस आणि कधी नव्हे तो मला बर्फाचा गोळा घेऊन दिलास. लाल. माझी जीभ पार आपल्या गावी, मुठ्याला पोचेपर्यंत रंगलेली होती.

आता ऐक. पेपरचं शेवटचं पान मी सोडवलंच नव्हतं. पान दिसलं होतं, पण खिडकीतून गोळ्याची गाडीही दिसत होती, आणि गाडीवाला निघायच्या बेतात आहे असं मला वाटलं. वर्गातल्या बाईंनी विचारलं, "झालं का सगळं?" मी मान डोलावली.

निकाल लागला तेव्हा मी पास होते, पण यादीत नव्हते. "पास झाली म्हंजे मिळाली न्हवं?" तू गुरुजींना विचारलंस. गुरुजी समजावू लागले, की पास होणं वेगळं. तालुक्याला जितक्या जागा, तितकीच वरची मुलं घेतात, आणि त्यातल्या शेवटच्या मुलाचे मार्क हीच त्या सालची रेघ. माझं नाव रेघेखाली पहिलंच. तू बोटांवर काहीतरी मोजलंस. मग म्हणालीस, "म्हंजे हिच्या फुडच्या पोरापाशी पातेलं खरवडलं." रोज व्हरांड्यात दीडशे पोरांची रांग बघणाऱ्या तुला ते लगेच उमगलं. गुरुजीसुद्धा हसले.

पण तू तिथं थांबणारी कुठली! दुसऱ्याच दिवशी मला ओढत तालुक्याच्या ऑफिसात नेलंस. "सायेब, मी आदी पोरं मोजती, मग पळी किती भरायची ते ठरवती. तुमी आदी पातेलं ठरवताय. एक पोर उपाशी ऱ्हायली की हो." साहेब सज्जन होता, पण नियमापुढं तो तरी काय करणार? मी तुझा पदर ओढून म्हटलं, "आई, चल ना." तू सगळ्यांदेखत माझ्यावर खेकसलीस, "गप! हक्काचं मागताना लाजायचं न्हाई." मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. लाज मागण्याची नव्हती गं.

घरी येऊन तू काकांपुढं कमरेला पदर खोचलास. "एका जागेनं हुकलेली पोर हाय ही. हिला घरी बसवताय व्हय?" काकांनी धोशा सोडला आणि मी आठवीत गेले. तेव्हा कुठल्या तोंडानं सांगणार होते? पुढं तर तू ते सोयऱ्याधायऱ्यांना सांगितलंस, बसमधल्या अनोळखी बायांना सांगितलंस, शेवटी दवाखान्यात नर्सलाही. मी दर वेळी शेजारी उभी, खाली मान घालून. लोकांना वाटायचं, किती नम्र मुलगी.

आज हे सगळं वर आलं ते तुझ्या नातीमुळं. आम्ही आता जांब्याला राहतो. तिच्या परीक्षेचा निकाल आला, एकोणनव्वद पर्सेंटाइल. तिच्या बाबांना ते मार्कच वाटले, स्वारी खूश. मी लेकीपुढं तुझी रांग मांडली: "शंभर पोरं उभी कर, साधारण एकोणनव्वद तुझ्या मागं, दहाएक पुढं. मार्क शंभरात साठसुद्धा असतील." "आणि कटऑफ?" तिनं विचारलं. "पातेलं कुठं संपलं ते. यंदा एक्क्याण्णवला संपलं." तिनं जरा विचार केला आणि म्हणाली, "आई, शेवटचे चार प्रश्न मी केलेच नाहीत. कंटाळा आला होता." एवढं बोलून खेळायला पळाली. मला रागवायचं होतं, पण हसूच फुटलं, आणि मग बराच वेळ डोळे पुसत बसले. मला सबंध जन्मात जमलं नाही ते तिनं चप्पल घालता घालता उरकलं.

हा कागद पाठवणार तरी कुठं? घडी करून तिच्या निकालाखाली ठेवते.

आई, त्या साली पातेलं माझ्यापाशी संपलं नव्हतं. मीच रांग सोडून आले होते. आणि खरं सांगू? गोळा फार छान होता.