राणीमाशीची डबी

७ मे
टोंचकाचा फोन. तिच्या मधपेटीतली राणीमाशी मेली. मार्चमध्ये तिचा नवरा बोगोमिर गेला, आता त्याच्या शेवटच्या पेटीतली राणी. राणीशिवाय पेटी उन्हाळाभरसुद्धा तगत नाही. मेहुणी रडली नाही. "दाजी, एवढी एक पेटी तरी राहू दे," एवढंच म्हणाली.
माझ्या छोट्या पेटीत एक जादा राणी आहे. देतो म्हणालो. न्यायला प्लॅस्टिकचे पिंजरे मिळतात, पण बोगोमिरच्या पेटीत प्लॅस्टिक? छे! लिंडनच्या लाकडाची डबी करणार. सरकत्या झाकणाची. तो करायचा तशीच. रविवारी पोचवतो.

८ मे
माझी बायको स्लावका म्हणाली, "तू आणि सुतारकाम?" जन्मभर पोस्टात पार्सलं हाताळली. चौकोनी वस्तूंचा माझ्याइतका अनुभव आख्ख्या खोऱ्यात कुणाला नाही. हे तिला सांगितलं. ती पीठ मळत होती, मळतच राहिली.

१० मे
लाकूड कापलं. चार बाजू, तळ, झाकण. बाजूंना पटाशीने खाचा पाडल्या. अंगठा थोडा कापला. प्रगती उत्तम.

१२ मे, सकाळी
काल सरस लावून चारी बाजू चिकटवल्या. काय पक्क्या बसल्यात!

१२ मे, दुपारी
झाकण आत जात नाही. चारी बाजू सारख्या उंचीच्या. एक बाजू खाचेपर्यंत बुटकी हवी होती, म्हणजे झाकण तिच्यावरून सरकलं असतं. डिझाइनचा प्रॉब्लेम आहे, कारागिराचा नव्हे. स्लावकाने डबी हातात घेतली, फिरवून पाहिली आणि विचारलं, "राणी आत जाणार कशी, प्रार्थना करून?"
रविवार रद्द. टोंचकाला कळवलं की काम अंतिम टप्प्यात आहे.

१७ मे
डबी नंबर दोन. झाकण सरकतं. इतकं सरकतं की डबी वाकडी केली की जमिनीवर. मांजराने नेलं.

१९ मे
टोंचकाचा फोन. पेटीजवळ कान नेला तर माश्या रडल्यासारख्या आवाज करतात म्हणाली. "दाजी, काचेच्या बरणीत आणा. नाहीतर मोज्यात आणा. पण आणा."
मोज्यात! बायकांना कामातलं सौंदर्य कळत नाही. पण जेवण गेलं नाही. दोनदा छोट्या पेटीपाशी जाऊन उभा राहिलो. आज तशीच नेली असती तर? पण मग डबीचं काय?

२३ मे
पाऊस. सरस वाळत नाही. माझा दोष नाही.

२६ मे
पाऊस. स्लावका माझ्याशी फक्त हवामानाबद्दल बोलते.

३० मे
डबी नंबर तीन. परफेक्ट. पॉलिश पेपरने गुळगुळीत केली, हवेसाठी भोकं पाडली, झाकणावर बोगोमिरच्या नावाचं अक्षर कोरलं. B हे अक्षर इंग्रजी 8 सारखं दिसतं, पण टोंचकाला कळेल. स्लावकाने झाकण मागेपुढे केलं. मग पुन्हा एकदा केलं.

१ जून
छोटी पेटी उघडली. राणी लगेच सापडली. इतरांपेक्षा जाड, धिप्पाड, मोठे डोळे, चाल अगदी राजेशाही. चावायचा विचारही तिच्या मनात आला नाही. कुळच तसं. डबीत घातली, झाकण लावलं. उद्या सकाळच्या बसने मी आणि स्लावका निघतो. टोंचकाचा चेहरा कसा फुलेल ते आत्तापासून दिसतंय.

२ जून
बसमध्ये डबी कोटाच्या आत ठेवली. वाटेत पाऊस, कोट भिजला. टोंचकाकडे पोचलो तर झाकण हलेना. लाकूड फुगलं होतं. मी ओढलं, स्लावकाने ओढलं, मग दोघांनी दोन टोकांनी. आतून गुंगुं आवाज येत होता. शेवटी टोंचका बटाटे सोलायची सुरी घेऊन आली. खाच फोडून तिने झाकण काढलं. आत बघितलं.
"दाजी," ती हळूच म्हणाली, "हा नर आहे."
नर बाहेर आला, टेबलक्लॉथवरून चालत साखरेच्या भांड्यापर्यंत गेला आणि बसला.
मी म्हणालो, लगेच परत जाऊन खरी आणतो, दुपारची बस आहे. टोंचकाने माझ्या ओल्या बाहीवर हात ठेवला. म्हणाली, राणी गेल्या आठवड्यातच आली. फादर एव्हगेननी त्यांच्या पेटीतली दिली, काड्यापेटीत घालून, झग्याच्या खिशातून. अंडीही घालायला लागली.
"मग सांगितलं का नाहीस?"
"स्लावका म्हणाली, तुम्ही सकाळी उठून शीळ घालत शेडमध्ये जाता. बोगोमिर गेल्यापासून तुमची शीळ ऐकली नव्हती म्हणाली."
मी स्लावकाकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर हवामान बघत होती.
मग टोंचका मला परसात घेऊन गेली. पेटीला कान लावायला लावलं. आत एकसारखा, भरलेला आवाज. बोगोमिर असता तर काहीतरी टोमणा मारला असता. तसाच वाकून उभा राहिलो, पाठ धरली, मग दोघींनी मिळून मला सरळ केलं.