बीड जिल्ह्याचं जादा गुरुत्वाकर्षण

वडवणी,
नागपंचमी होऊन चार दिवस झाले

तीर्थस्वरूप दाजींच्या चरणी मेहुणा अमरनाथ (अजून मेहुणा समजत असाल तर) याचा साष्टांग नमस्कार. इकडे सर्व क्षेम आहे, उजव्या पायाचा अंगठा सोडून. त्याचं कारण पुढे येईल. तुमचा गुडघा कसा आहे? शिवकांताताईचे श्रावणातले उपवास नेहमीच्या जोमानं चालू असतील आणि त्या उपवासांमुळे तुमचंही वजन नेहमीसारखंच वाढलं असेल. बाळाला आता किती दात आले? मागच्या वेळी दोन होते आणि दोन्ही माझ्या करंगळीवर उमटले होते.

हे सगळं फोनवर विचारलं असतं. पण पाडव्याला तुम्ही "अमर, सरांची माफी माग अन् मोकळा हो" एवढंच म्हणालात आणि मी भरल्या ताटावरून उठलो, आणि एसटीत बसायच्या आधी तुमचा नंबर ब्लॉक केला. तो राग मे महिन्यात उतरला. (आमच्या घराण्यात राग असाच उतरतो, अप्पांचा एकदा सहा वर्षांनी उतरला होता.) तेव्हापासून फोन लावतोय, पण आता तुम्हीच मला ब्लॉक केलेलं दिसतं. बरोबर आहे, तुम्ही मोठे आहात, तुमचा राग मोठा असणार. म्हणून कागद-पेन घेऊन बसलोय.

दाजी, तुमच्यापासून काय लपवायचं? माझं सगळं आयुष्य रुद्राणीवर टांगलेलं आहे. रुद्राणी म्हणजे दुसऱ्या वर्षाला प्रयोगशाळेत माझ्याच टेबलावर होती ती. आता तिसऱ्या वर्षाला आहे. मी आहे तिथंच आहे, म्हणजे अप्पांच्या भुसार दुकानात, ज्वारीच्या पोत्यावर. तिची आत्या छबुबाई आमच्याच गल्लीत राहते आणि तिच्याकडं रुद्राणी पंचमीला चार दिवस येणार, असं कळलं. कॉलेज सोडून वर्ष झालं, या वर्षात तिचा एक मेसेज नाही. तेव्हा मी ठरवलं की या चार दिवसांत तिला दाखवून द्यायचं, कॉलेज सोडलं तेव्हा मी बरोबर होतो आणि सर चूक होते. हे सिद्ध झालं तर ती माझ्याकडं बघेल. नाही झालं तर ती माझ्याकडं भुसार मालासारखं बघेल.

सरांशी भांडण कशावरून झालं ते तुम्ही कधी ऐकूनच घेतलं नाहीत (मी ताटावरून उठलो होतो, हे मान्य). प्रयोग दोलकाचा होता. दोऱ्याला धातूचा गोळा टांगायचा, वीस झोके मोजायचे, किती वेळ लागला ते बघायचं आणि त्यावरून पृथ्वी वस्तूला किती जोरानं ओढते ते काढायचं. उत्तर नऊ पॉइंट आठ यायला पाहिजे, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. माझं आलं दहा पॉइंट शहाऐंशी. तीनदा केलं, तीनदा तेच. सर म्हणाले, "खोड ते, अन् नऊ पॉइंट आठ बसवून आण." मी म्हणालो, पृथ्वी माझ्या बापाची नाही, मी कसं बसवू? मग आवाज चढले, आणि मी जर्नल खिडकीतून भिरकावलं आणि मागोमाग दारातून मी गेलो. दाजी, बाकी सगळ्या टेबलांवर नऊ पॉइंट आठ आलं होतं, कारण सगळ्यांनी ते बसवलं होतं. खरं मोजणारा मी एकटा!

आता खरं मोजणाऱ्या माणसानं निष्कर्ष काय काढायचा? मी काढला की बीड जिल्ह्यात पृथ्वी जास्त ओढते. चहाच्या टपरीवर कुणी विचारलं, "कॉलेज कावून सोडलंस बे?" की मी हेच सांगायचो. आणि दाजी, लोकांना ते लगेच पटायचं! सटवाकाका म्हणाले, "तरीच माझी म्हैस बसली की उठत न्हाई." पुण्याला नोकरीला गेलेली पोरं दिवाळीला आली की परत जायला का कुरकुरतात, त्याचाही उलगडा झाला. त्रास झाला तो अप्पांना. सटवाकाकांनी ज्वारीचं पन्नास किलोचं कट्टं, म्हणजे पोतं, घेतलं, काट्यावर ठेवलं आणि म्हणाले, "मन्मथप्पा, यातलं पाच किलो नुसतं गुरुत्वाकर्षण हाय. ते काढा, अन् तेवढी ज्वारी घाला." अप्पा त्या दिवशी माझ्याशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी बोलले, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

मग हे आमच्या तालुक्याचे पुढारी विजयसिंहदादा यांच्या कानावर गेलं. दादा म्हणाले, "आजवर आपल्या वाट्याला कुठली गोष्ट जास्त आली? ही एक आली, तर ती बी खाली ओढणारी!" त्यांनी 'गुरुत्वाकर्षणाचा अनुशेष' असं नाव देऊन निवेदन टाइप करून घेतलं. फक्त पुरावा पाहिजे म्हणाले, सगळ्या गावासमोर. पंचमीच्या दुसऱ्या दिवशी प्रयोग ठरला. मला आणखी काय पाहिजे होतं? रुद्राणी गावातच होती.

जागा म्हणजे वेशीजवळची पाण्याची टाकी. बांधून चार वर्षं झाली, पाणी अजून चढलेलं नाही, त्यामुळे तिच्याखाली कोरडं आणि गार असतं. वरच्या तुळईला दोर बांधला, तुळईपासून वजनाच्या मध्यापर्यंत बरोबर दहा मीटर, दोनदा टेपनं मोजून. खाली अप्पांच्या जुन्या तराजूचं वीस किलोचं लोखंडी वजन (अप्पांना न विचारता). गणितात काय काय धरायचं ते मी लोकांना ओरडून सांगितलं. दोराला वजन नाही असं मानू, वाऱ्याचा अडथळा नाही असं मानू, झोका लहान आहे असं मानू. सटवाकाका म्हणाले, "म्हणजे सोयरीक जमवताना करतेत तसंच. पोरगा पीत न्हाई असं मानू, पोरगी उंच हाय असं मानू." लोक हसले. रुद्राणीही हसली. ती छबुबाईंच्या शेजारी हिरव्या बांगड्या भरलेले हात कमरेवर ठेवून उभी होती, आणि मला वाटलं, पृथ्वीची ओढ मोजायला एवढी टाकी कशाला पाहिजे होती?

मी वजन छातीशी धरून मागं सरलो, मोबाइलचं घड्याळ सुरू केलं आणि "लाभ!" म्हणून वजन सोडलं. तुम्ही बीडला नोकरी करता म्हणून आठवण करून देतो, आमच्याकडं माप मोजताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. मी तीन वर्षांचा असल्यापासून असंच मोजतोय, लाभ, दोन, तीन. अख्खं गाव खळ्यावर वाढलेलं. वजन जाऊन परत आलं की सगळे एका सुरात "दोन!", परत आलं की "तीन!", अगदी आरती चालल्यासारखं. वीसला घड्याळ थांबवलं. दोन मिनिटं आणि वर अर्ध्या सेकंदाहून थोडं जास्त. मी टाकीच्या खांबावर खडूनं गणित मांडलं आणि, दाजी, आलं! दहा पॉइंट शहाऐंशी! दादांच्या माणसांनी फटाक्याची लड लावली. कुणीतरी मला खांद्यावर घेतलं. एवढं जादा गुरुत्वाकर्षण असूनही घेतलं.

तेवढ्यात रुद्राणी पुढं आली. फटाके संपेपर्यंत थांबली आणि मला खाली उतरायला सांगितलं. मग तिनं विचारलं, "अमर, लाभ म्हणालास तवा वजन कुठं होतं?" मी म्हणालो, माझ्या हातात. "मग एक तरी झोका झाला होता का?" नव्हता. "दोन म्हणालास तवा किती झाले होते?" एक. "अन् वीसला?"

दाजी, एकोणीस. एकोणीस झोक्यांचा वेळ घेऊन मी त्याला विसानं भागत होतो. कॉलेजातही तीनदा तेच. पृथ्वी बिचारी सगळीकडं सारखीच ओढत होती.

ती म्हणाली, सोडताना शून्य म्हणा. त्यावर सटवाकाका उखडले, "शून्यानं मोजायला लागल्यावर रास उणी होती पोरी!" सगळं गाव त्यांच्या बाजूनं. मला वाटलं, आता ही अडली. पण ती शांतपणे म्हणाली, "काका, शून्य नका म्हणू. सोडताना गप उभं रहा. वजन जाऊन परत आलं की लाभ म्हणा. पायली भरल्यावरच म्हणता ना?" सटवाकाकांनी डोकं खाजवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ह्ये बराबर हाय. रिकाम्या पायलीला लाभ म्हणणारा म्या हाच पहिला पाहिला." पुन्हा मोजलं. दोन मिनिटं सात सेकंद. नऊ पॉइंट आठ. विजयसिंहदादांनी निवेदनाची घडी खिशात घातली आणि आपण या टाकीत पाणी कधी येणार हे बघायलाच आलो होतो, असं जाहीर केलं.

आता माझा स्वभाव तुम्ही जाणता. मी ओरडलो की वजन खोटं आहे, टाकी खोटी आहे, सगळा तालुका सरांना मिळालेला आहे, आणि समोरून येणाऱ्या त्या वजनाला मी लाथ घातली. वीस किलोच्या लोखंडाला चप्पल घालून लाथ मारू नये, हे पदार्थविज्ञानाच्या कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही. लिहायला पाहिजे.

छबुबाईंच्या ओसरीवर अंगठा हळदीच्या पाण्यात घालून बसलो होतो तेव्हा रुद्राणी शेजारी येऊन बसली. मला वाटलं, हसेल. ती आपली मला शिकवायलाच लागली. म्हणे जे गणित झोक्याचं, तेच स्प्रिंगचं, तेच वायरीतल्या विजेचं, अणू थरथरतात त्यांचंही तेच. समीकरण सगळीकडं फिरतं, पण मोजायला कुठून लागायचं ते प्रत्येक ठिकाणी नव्यानं बघावं लागतं. मी म्हणालो, म्हणजे सर बरोबर. ती म्हणाली, "न्हाई. सर चूकच होते. आकडा बसवायचा नसतो. त्यांनी एकदा जरी तू कसा मोजतोस ते ऐकलं असतं ना! पण तूही चूक. पृथ्वीवर संशय घेतलास, स्वतःवर एकदा घेतला न्हाईस." मग म्हणाली, त्या दिवशी खिडकीखालून माझं जर्नल तिनं उचलून आणलं होतं. वर्षभर तिच्या पेटीत आहे. "सगळ्या वर्गात न खोडलेला आकडा तेवढाच होता. पुढची पानं कोरी हायेत," एवढं म्हणून ती उठली आणि हळदीचं पाणी बदलून आणलं.

मी अंगठा त्या पाण्यात पुन्हा बुडवला आणि जर्नलात कोरी पानं किती उरली असतील ते मनात मोजायला लागलो.

असो. तर दाजी, गावात माझी चेष्टा चालू आहे, अप्पांचं वजन धुवून परत दिलं आहे, आणि मी मजेत आहे. त्या कॉलेजची पायरी मी या जन्मात चढणार नाही, हे माझं मत मात्र ठाम आहे, आणि तुम्हीही आता मला ते बदलायला सांगू नये. ताईला नमस्कार, बाळाला पापा. लोभ असावा, किंवा नव्यानं सुरू करावा.

आपला आज्ञाधारक (आजपासून),
अमरनाथ

ता. क. सोबत एक फॉर्म जोडला आहे. तो पुन्हा प्रवेशाचा आहे. पालकाची सही लागते. अप्पा म्हणतात, पहिल्यांदा कॉलेजात ज्यानं चिकटवलं त्या दाजीलाच विचार.

ता. क. २. फॉर्मबरोबर सरांची शिफारसही लागते, आणि त्याच्या आधी सरांची माफी. तुम्ही पाडव्याला जे म्हणाला होतात ते तेवढंच बरोबर होतं, बाकी मी आजही ताटावरून उठलो असतो. रुद्राणी मला हो म्हणाली असं समजू नका. ती म्हणाली, "आधी दुसरं वर्ष पास हो, मग बघू." मी 'मग' या शब्दावर जगतोय.

ता. क. ३. हे पत्र टपालात टाकलेलं नाही. मी तुमच्या दाराबाहेर पायरीवर बसून शेवटच्या चार ओळी लिहितोय आणि कागद आता दाराखालून सरकवतोय. आज शेवटचा दिवस आहे. इथल्या कॉलेजच्या खिडकीपाशी रांगेत माझ्या जागी रुद्राणी उभी आहे, खिडकी चारला बंद होते, आता तीन वाजून दहा मिनिटं झाली. ताईनं मघाशी पडदा सरकवून मला पाहिलं आणि हसत आत गेली, तेव्हा तुम्ही घरीच आहात. सही दाराखालून सरकवली तरी माझी हरकत नाही. पण सरांसमोर मी एकटा गेलो तर माफी मागता मागता पुन्हा भांडणार, हे तुम्हालाही ठाऊक आहे. म्हणून दाजी, चप्पल घालूनच बाहेर या.