पांढऱ्या कॅनमधलं पाणी

बाबा, तुम्ही गाडीला पाणी पाजलं आणि स्वतः तहानलेले मेलात, याचा राग माझ्या डोक्यातून अजून उतरलेला नाही. इतकी वर्षं झाली. तुमची आठवण निघाली की लोक हळवे होतात, आणि मला तुम्ही घाटातल्या त्या दगडावर बसलेले दिसता, बनियनवर ग्रीसचे डाग, तोंडात एकच वाक्य, "मले तहान नाही." साफ खोटं! मरायच्या आधी माणूस असं खोटं बोलतो का?

सुरुवात त्या ताटीपासून झाली. ट्रॉली ओढताना आपली पिकअप गाडी चढावर गरम होते, म्हणून तुम्ही काय करावं, तर घरच्या कूलरची वाळ्याची ताटी काढली, ओली केली आणि तारेनं रेडिएटरपुढे बांधली. आपल्या सोनाळ्याच्या मे महिन्यात! शेजारीपाजारी तुम्हाला हुशार म्हणाले. आपल्याकडे घर गार होतं ते कूलरनं, मग गाडी का होणार नाही, असा सगळ्यांचा हिशेब. आई स्वयंपाकघरात भाकरी थापते आहे आणि कूलर त्या उघड्या बाजूनं नुसती झळ फेकतो आहे. ती ओरडते, "घरातले माणसं भाजू द्या, तुमची गाडी तेवढी थंडी ठेवा!" तुम्ही हसता. ते हसणं आठवलं की आजही भांडायला उठावंसं वाटतं. अहो, रेडिएटरला वारा लागतो. पुढे ओलं गवत बांधलं की वारा अडतो. मी सांगितलं होतं तुम्हाला. "तुले काय समजते पोरी इंजिनातलं?" झालं, विषय संपला.

त्या वर्षी गावात झाडून सगळ्यांनी बीटी कपाशी लावलेली. पाकिटावर टपोरी बोंडं, दुकानदार म्हणे फवारणीचं नावच नको. फवारण्या तर झाल्याच, आणि भाव वाढेल वाढेल करत कापूस मे महिन्यापर्यंत घरात पडून राहिला. झोपायच्या खोलीत कापूस, अंगाला रात्रंदिवस खाज. कापूस घेणाऱ्या घाटाखालच्या जिनिंग मिल बंद झाल्या, घाटावरची एक तेवढी त्या दिवशी दुपारपर्यंत माल घेणार होती. शेजारच्या चाचांना ट्रॅक्टर मिळेना. तुम्ही लगेच म्हणालात, "मी नेतो ना भाई." पिकअपमध्ये आपला कापूस, मागच्या ट्रॉलीत त्यांचा, त्यावर चाचा स्वतः बसलेले. मला लोणारला सासरी परतायचं होतं म्हणून मी पुढे तुमच्या शेजारी.

अर्ध्या घाटात इंजिनच्या गरमीची सुई लाल पट्ट्याकडे सरकली आणि तुम्ही हीटर लावला. इंजिनची गरमी तो आत ओढून घेतो. ही युक्ती खरी आहे, हे मला आता ठाऊक आहे, आणि म्हणून जास्तच चीड येते. जी खरी युक्ती होती ती तुमच्या अंगावर आली आणि जी खोटी होती ती पुढे तारेनं बांधलेली! बाहेर आग, आत आग. तुमचा घाम आटलाय हे मला दिसत होतं. मी म्हटलं, बाबा, थांबवा, ती ताटी फेका आधी. "जिनिंग बंद होऊन राह्यली तिकडे, अन् तू थांबवा म्हणते?"

मग गाडीच थांबली. वाफेचा फवारा उडाला. इंजिनसाठी घेतलेलं पाणी तुम्ही येताना ताटीवर शिंपडून संपवलं होतं. उरली फक्त पिण्याची पांढरी कॅन. चाचा ट्रॉलीवरून उडी मारून आले, "भाऊ, पैले तुमी प्या. कापूस माझा हाय, मी सांगून राह्यलो, जाऊ द्या त्याले!" तुम्ही ऐकलं नाहीत. मी कॅन धरली, तुम्ही माझा हात झटकलात. वाफ बसल्यावर फडकं घेऊन रेडिएटरचं झाकण काढलं आणि कॅन पालथी केली, शेवटच्या थेंबापर्यंत. मग दगडावर बसलात. "मले तहान नाही. बस, पाच मिनिटं." उठलाच नाहीत.

चाचांनी एसटी अडवली. ड्रायव्हरनं स्वतःची बाटली तुमच्या तोंडाला लावली, पाणी ओठांच्या कडेनं गळ्यावर उतरलं. दवाखाना येण्याआधीच तुम्ही गेलात. आणि गाडी? दुसऱ्या दिवशी पहिल्याच चावीला सुरू झाली. चाचा ती घेऊन दारात आले आणि चावी हातात धरून बायामाणसांसारखे रडले. माझा कापूस न्या, असं त्यांनी तुम्हाला कधी म्हटलं नव्हतं, बाबा. ते ओझं त्यांच्या डोक्यावर कोण ठेवून गेलं?

आता लोणारला आमचा मंडपाचा धंदा आहे. पिकअप मी चालवते, मागे पाइपांची ट्रॉली. रेडिएटरपुढे काही बांधू देत नाही, लिंबू-मिरचीसुद्धा आरशाला लटकवते. सुई चढली की गाडी सावलीत उभी करते, इंजिन बंद न करता नुसतं चालू ठेवते. दोन कॅन असतात, काळी गाडीची, पांढरी माणसाची. पांढरीला कुणी हात लावला तर मी खवळते, सगळ्यांना माहीत आहे.

परवा चढावर रेडिएटरचा पाइप फुटला. एकटीच होते. पुढच्या गावात हळद लागायची होती, मंडप माझ्या गाडीत. पाइप बांधला, काळी कॅन ओतली, ती पुरली नाही. तुम्हाला शिव्या देत देत मी पांढरीचं झाकण उघडलं. हे मी घरात कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हाला तरी काय सांगणार, हा कागद जाणार कुठे? पण सगळी ओतली, बाबा. एक घोटही ठेवला नाही.