पावणेदोन फूट काळी माती

१० फेब्रुवारी १९५८, देवगाव फाटा

पुलाला माणसं मागितली, तर सरकारनं विद्यार्थी पाठवला! चार महिने कॉलेजात, चार महिने कामावर — इंजिनिअरिंगला असा नवा नियम निघालाय म्हणे. नाव रायभान. ताडकळसकडचा. बाप मेंढरं राखतो, हा वजिफ्यावर, सरकारी शिष्यवृत्तीवर शिकायलाय. सोबत दोन पानी परिपत्रक — विद्यार्थ्याच्या प्रश्नांना उत्तरं द्यावीत. त्याच्या हातून चुका होतील हे गृहीत धरावं. शेवटी शेरा लिहावा. त्या शेऱ्यावर त्याचं पुढचं शिक्षण!

मी ओव्हरसियर, मास्तर नव्हे. निजामाच्या अमलात नोकरीला लागलो तेव्हा मला कुणी उत्तरं दिली? शिव्या दिल्या. त्यातूनच शिकलो. नोकरीचं शेवटचं साल हाय, सुखानं काढू द्या म्हणावं.

१२ फेब्रुवारी

कामाचा नारळ फोडला. म्हसोबापुढं!

गंमत अशी की हा म्हसोबा माझाच. दोन वर्षांमागं मोजणीला आलो तेव्हा हा धोंडा मीच इथं पुरला, मीच त्यावर सरकारी खूण कोरली — आडवी रेघ आणि खाली तीन फाट्यांचा बाण. पुलाची सगळी उंची-खोली या खुणेवरून धरायची. गाववाल्यांना बाणात त्रिशूळ दिसला असेल. शेंदूर फासलाय, भोवती ओटा बांधलाय. हसलो. मग पाया पडलो, आणि देवाच्याच डोक्यावर मोजपट्टी उभी करून दुर्बीण लावली.

"साहेब, मी बघू का एकदा?" — रायभान. म्हटलं, आधी पट्टी सरळ धरायला शीक.

२ मार्च

प्रश्न, प्रश्न, प्रश्न! वाळू का धुवायची, काँक्रीटवरची पोती किती दिवस ओली ठेवायची. माणसानं भाकरी खावी की नाही?

६ मार्च

पायाचा खड्डा ठरल्या खोलीला पोचला. नकाशात या खोलीवर मुरूम दाखवलाय. खाली अजून काळी मातीच. नकाशे काढणारे उंटावरून शेळ्या हाकणारे, म्हणून मी सोडून दिलं. रायभान सोडेना. ढेकूळ हातात घेऊन चोळत बसला.

"साहेब, ही माती पाण्यानं फुगती, उन्हानं फाटती. आमच्या घराची भिंत अशीच गेली."

म्हटलं, खोली मी तीनदा मोजलीय.

"मग खूणच हललेली आसंल."

मुकादम चंद्रभान आणि चाळीस मजुरांसमोर! माझी खूण! अंगाचा नुसता तिळपापड झाला. वर म्हणतो, दोन मैलांवर डाक बंगल्याच्या पायरीला दुसरी खूण हाय, तिथून ताडून बघू. फिजूल गोष्टींना वेळ नाही म्हटलं. उद्या काँक्रीट.

७ मार्च

काँक्रीट टाकलं.

९ मार्च, रविवार

सेलूहून परत आलो तर दुर्बिणीची पेटी जागेवर नाही! दिवस कलताना रायभान आणि कामावरचा चौकीदार रस्त्यानं येताना दिसले — याच्या खांद्यावर दुर्बीण, त्याच्या खांद्यावर पट्टी. डाक बंगल्यापर्यंत मोजत गेले होते.

"साहेब, पावणेदोन फुटांचा फरक येतोय." वही पुढं केली. मी बघितलीसुद्धा नाही. सरकारी दुर्बीण बिनपरवानगी? तिथल्या तिथं वळकटी बांधायला लावली.

"वही तेवढी ठेवून घ्या साहेब," म्हणाला. खाटेवर ठेवून गेला.

१० मार्च

शेरा टपालात टाकला. 'आज्ञा मोडतो. सरकारी उपकरणाचा गैरवापर. या पेशास नालायक.' बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

२ एप्रिल

म्हसोबाला शेंदूर लावणारी केवळाबाई आज भेटली. सहज विचारलं, ओटा कुणी बांधला गं?

"आमीच की! तुमी कोरला तवा देव जिमिनीत व्हता, साहेब. ढोरं पाय देयाची. मंग गावानं उचलला आन् वट्यावर बसिवला. लय जड हाय तुमचा देव!"

उचलला.

पट्टी आणून ओटा मोजला. पावणेदोन फूट. खूण तेवढी वर गेली, म्हणून माझा पाया तेवढा उथळ राहिला. पोराची वही उघडली. तोच आकडा, खाली दोन रेघा. तिथंच ओट्यावर बसून रडलो.

५ एप्रिल

पायावर दगडी बांधकाम छातीएवढं चढलंय. काळ्या मातीवर! गप्प बसलो तर? पूल एक-दोन पावसाळे काढील, तोवर मी घरी. ज्याला माहीत हाय त्याला मीच नालायक ठरवलंय, त्याचं कोण ऐकणार? मुकादम नुसतं "साहेब, तब्येत बरी ना?" म्हणाला तरी दचकलो. चोराच्या मनात चांदणं.

परिपत्रक पुन्हा काढलं. विद्यार्थ्याच्या हातून चुका होतील, गृहीत धरावं. वरिष्ठाच्या हातून झाल्या तर काय करावं, ते दोन्ही पानांवर नाही.

९ एप्रिल

दोन पत्रं टाकली. खात्याला — चूक माझी, बांधकाम तोडावं, पाया खाली न्यावा. कॉलेजला — शेरा मागं घेतो, पोरगा बरोबर होता.

२८ एप्रिल

दोन्ही उत्तरं एकदम आली. बांधकाम तोडायचं, तोडून होईपर्यंत मी इथं, मग माझी चौकशी. होऊ दे. कॉलेज लिहितं — 'सदर विद्यार्थ्याचे नाव पटावरून यापूर्वीच कमी केले असून शिष्यवृत्ती अन्य विद्यार्थ्यास दिली आहे. आपले पत्र दप्तरी ठेवले.'

दप्तरी ठेवले!

५ मे

तोडकामाला मुकादमानं नवे मजूर आणले. हजेरी लिहीत होतो. अकरावं नाव आलं — रायभान सटवाजी. मान वर केली. डोक्याला मुंडासं, पायात काही नाही. तोच.

"तू कशाला आलास बाबा?"

"काम पायजे, साहेब. आन् मुरूम कुठं लागतो, ते बघायचं राहिलंय."

दुर्बिणीची पेटी उचलून त्याच्यापुढं ठेवली. त्यानं हात लावला नाही. पहार घेतली आणि खड्ड्यात उतरला.