पावावरचा क्रूस

ताई,

तू आईला भेटायला का येत नाहीस, असं खडसावून विचारायला कागद घेतला. पण उत्तर मलाच ठाऊक आहे.

छापखान्यात माझं कामच असं, की जे मूळ प्रतीत नाही ते खोडायचं. घरीही मी तेच केलं. आई पाव कापण्याआधी सुरीच्या टोकानं त्यावर क्रूस काढायची, तेव्हा मी खेकसलो होतो, "हे शास्त्रात कुठे लिहिलंय, दाखव!" तू म्हणालीस, "अरे, शास्त्र वाचता यायच्या आधी आपल्याला प्रभू कळला तो याच पावावरून." मी तुला अडाणी म्हणालो. तू उठून गेलीस ती गेलीसच.

आता आईला काही आठवत नाही. मला ती डॉक्टर समजते. मी रोज वचनं वाचून दाखवतो, ती खिडकीबाहेर बघत बसते. आज तिच्यापुढे पाव ठेवला आणि हातात सुरी दिली. टोक पावावर टेकलं, तसा माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात तिनं दचकून सुरी खाली ठेवली.

"नको हो डॉक्टर," ती हळूच म्हणाली, "माझा मुलगा ओरडतो."

हे तुला कुठल्या तोंडानं पाठवू?

तुझा धाकटा