गाडी अगदी ठणठणीत आहे

४ मे, रविवार

प्रिय खारुताई,

आशीर्वाद आधीच देऊन टाकते, शेवटी कागदावर जागा उरत नाही. मी मजेत. तूही मजेत असशील. नसलीस तरी पत्रात तसंच लिही, आपल्या घराण्याची पद्धतच आहे ती.

तुला नोकरी लागल्याची बातमी तुझ्या बाबाने फोनवर इतक्या हळू आवाजात सांगितली, की मला वाटलं कोणाचं काही बरंवाईट झालं. मग कळलं, तू शेजारच्या खोलीत झोपली होतीस. अगं, मी इकडे एकटीच नाचले! शिलाई मशीनला सांगितलं, इस्त्रीला सांगितलं. मग सांगायला कोणी उरलं नाही म्हणून खाली जाऊन दुकानदाराला सांगितलं. तो म्हणाला, "वा, छान. सुट्टे आहेत का?"

तुझं ऑफिस माझ्या घरापासून लांब आहे, हे खरं. शहराच्या पार बाहेर, हायवेला लागून, आणि बस काही तिथवर जात नाही. म्हणून तर तुमची कंपनी हॉस्टेल देते. आणि तू मला विचारतेस, "आत्या, गाडी देशील का? मग तुझ्याकडेच राहते." देशील का काय? तुझ्या बाबाचीच गाडी ती. त्याने नवी घेतली तेव्हा ही माझ्या दारात आणून उभी केली आणि म्हणाला, "पडदे टांगायला जातेस ना, मग हिच्यातून जा." आता भाचीने चालवायची नाही तर कोणी? माझं काय, एका खांद्यावर कापडाचं ठाण टाकलं आणि दुसऱ्या हातात शिडी घेतली की झालं. बसमधले लोक आपणहून जागा देतात, घाबरून.

आणि गाडी अगदी ठणठणीत आहे. पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालते, त्यामुळे निघताना मुळीच आवाज करत नाही. वय झालंय म्हणा, पण कोणाचं झालेलं नाही? मधूनच समोर एक पिवळा दिवा लागतो आणि आपोआप जातो. मी लक्ष देत नाही. लक्ष दिलं की डोक्यावर बसतात अशा गोष्टी.

मशीन मी बाहेरच्या खोलीत हलवलं आहे. आतली खोली तुझी. आई गेल्यापासून ती नुसती गोदाम झाली होती. आता पलंगाखालची ठाणं काढली, अस्तरांची पोती काढली, तर आत केवढी जागा निघाली! संध्याकाळी त्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसते आणि उगाच बघत राहते. टीव्ही चालूच असतो. बघत नाही गं, पण घरात कोणीतरी भांडतंय असं वाटलं की बरं असतं.

हॉस्टेलवाल्यांना दहा जूनपर्यंत कळवायचं आहे ना? मग 'नको' म्हणून कळवून टाक एकदाचं. त्यात विचार कसला करायचा?

हातात कात्री घेऊन नाचणारी,
तुझी आत्या


१८ मे, रविवार

प्रिय खारुताई,

आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. चार पानं, आणि त्यातली तीन पिवळ्या दिव्यावर! तू माझ्या भावाची मुलगी आहेस की कुठल्या वकिलाची? "आत्या, दिवा नक्की कधी लागतो? लागल्यावर गाडी काय करते? कोणाला दाखवलीस का?" मी उलटतपासणीला उभी आहे असंच वाटलं मला.

बरं, सांगते. मागच्या महिन्यात एकदा सिग्नलला थांबले होते. हिरवा दिवा लागला, मी पाय दाबला, तर गाडी ढिम्म. समोर होते नव्हते तेवढे सगळे दिवे एकदम लागले, आणि मग सगळेच विझले. मागून हॉर्नचा नुसता कल्लोळ. एक गृहस्थ काचेवर टकटक करून ओरडायला लागले, "न्यूट्रल करा बाई, ढकलतो!" न्यूट्रल कसली होतेय? हिचं सगळं विजेवर. काचसुद्धा खाली होईना. मग ते बाहेरून हातवारे करताहेत आणि मी आतून. त्यांना वाटलं मी त्यांना शिव्या देतेय. गेले बिचारे रागावून. थोड्या वेळाने बाईसाहेब आपणहून सुरू झाल्या, जशी काही मध्ये डुलकीच काढली होती.

तुझ्या समाधानासाठी गॅरेजमध्ये नेली. गॅरेजवाल्याने मागचं दार उघडलं आणि बघतच राहिला. म्हणाला, "ताई, इथली जाळी कुठे गेली?"

मी विचारलं, "कसली जाळी?"

तर अगं, मागच्या सीटखाली ती मोठी बॅटरी असते, आणि सीटच्या कडेला एक काळी जाळी असते. तिथून बॅटरीला हवा जाते, पंखा असतो आत. मला वाटायचं ते नुसतंच एक कुरूप भोक आहे. कापडाचे तंतू जायचे त्यात. म्हणून मी सीटला कव्हरं शिवली तेव्हा तेही झाकून टाकलं होतं. जाड कापड, आतून अस्तर, कडेने पायपिंग. इतकं सफाईदार, की कोणाला कळू नये! गॅरेजवाल्याने त्या शिवणीवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "काम सुंदर आहे ताई. पण तुम्ही तिचं नाकच शिवून टाकलंत."

आम्ही दोघं पोट धरून हसलो. मी तिथेच बसून उसवलं. आतून तंतूंची एवढी मोठी गादी निघाली, त्यात तुझ्या बाबाच्या खोलीला शिवलेल्या हिरव्या मखमलीचीही कसपटं होती. हे सगळं जगात फक्त पडदे शिवणारीच्या गाडीत होऊ शकतं.

तो आणखीही बरंच काही सांगत होता. पण गॅरेजवाल्यांचं ऐकत बसलं तर माणूस गाडीत बसायचाच नाही.

तर झालं तुझं समाधान? गाडी आता मोकळा श्वास घेते. ठणठणीत आहे. हॉस्टेलचं कळवलंस की नाही, ते तेवढं लिही. ते मात्र चार पानांत कुठेच नव्हतं.

आरोपीच्या पिंजऱ्यातून,
तुझी आत्या


३१ मे, शनिवार

प्रिय खारुताई,

हे पत्र शेवटपर्यंत वाच, मध्येच फोन करू नकोस. फोनवर मी हसून वेळ मारून नेते, हे तुला माहीत आहे. कागदावर ते जमत नाही असा माझा समज होता. मागची दोन पत्रं आठवली, तर तेही चांगलंच जमतं की मला.

गॅरेजवाला काय म्हणाला ते आधी लिहिते. हसून झाल्यावर त्याने गाडीला त्याचं यंत्र लावलं आणि त्याचा चेहरा पडला. म्हणाला, "ताई, नाक उघडलंत, पण आतलं सगळं भाजून गेलंय. मोठी बॅटरी संपली आहे. ब्रेकला मदत करणारा पंपसुद्धा धड नाही. ही गाडी चालता चालता मरेल, आणि कुठे मरेल ते सांगता येणार नाही. चालवू नका." नवीन बॅटरी आता या गाडीला बसवण्यात अर्थ नाही, असंही म्हणाला. मी मान डोलावली, गाडीत बसले आणि घरी आले. मग तुला अठरा तारखेचं ते पत्र लिहिलं.

बुधवारी दुपारी मी तुझ्या ऑफिसच्या रस्त्याने निघाले. तुला सांगता यावं म्हणून, कुठे वळायचं, कुठली लेन धरायची, गर्दी कुठे लागते. मी अगदी तू झाले होते गं. मनात म्हणत होते, इथे ती गाणं लावेल, इथे तिला आपल्या साहेबाचा राग येईल.

उड्डाणपुलाच्या चढावर गाडी मेली.

आवाज नाही, धक्का नाही. नुसता पाय दाबतेय आणि खाली काहीच नाही. समोरचा स्क्रीन काळा झाला. स्टिअरिंग असं जड झालं, की कोणी दुसऱ्या बाजूने धरून ठेवलंय असं वाटावं. धोक्याचे दिवे लावायला बटण दाबलं तर तेही मेलेलं. म्हणजे मागच्याला कळणार कसं, की मी थांबतेय? आरशात एक टँकर मोठा मोठा होत होता. गाडी मागे घसरू नये म्हणून मी दोन्ही पायांनी ब्रेकवर उभी राहिले, अक्षरशः उभी. तो दगडासारखा झाला होता, आत जाईना. टँकरवाल्याने केवढा तरी हॉर्न दिला आणि शेवटच्या क्षणी बाजूने काढला. माझ्या बाजूचा आरसा घेऊन गेला. माझी गाडी कठड्याला घासत घासत थांबली.

मला काही लागलं नाही. बाबाला सांगताना हे वाक्य आधी सांग.

टँकरवाला पुढे थांबून पळत मागे आला. आधी मनसोक्त ओरडला. मग माझ्याकडे नीट बघितलं, मला कठड्याला टेकवून बसवलं आणि पाणी दिलं. म्हणाला, "आजी, घरच्यांना फोन करा." आजी! एरवी मी त्याला सोडला नसता. पण त्या वेळी ऐकून घेतलं. मी फोन उघडला.

खारुताई, माझ्या फोनमध्ये कोणाची नावं आहेत सांगू? 'निळे पडदे तिसरा मजला.' 'बेज लिनन, कुत्रा आहे.' 'पेलमेटवाल्या बाई.' वरून खाली गेले, खालून वर आले. तो समोर उभा राहून विचारतोय, "येतायत ना घरचे?" मी म्हटलं, "हो हो, येतायत." आणि तुला फोन लावला.

तुला आठवेल. मी विचारलं, "तुला चादर कुठल्या रंगाची आणू?" तू म्हणालीस, "आत्या, एवढा कसला आवाज आहे मागे?" मी म्हटलं, "बाजारात आहे." तू म्हणालीस, "फिक्कट पिवळी आण." तुझा आवाज ऐकला आणि माझा श्वास जरा जागेवर आला. टँकरवाल्याला वाटलं, घरचे निघाले. तो निघून गेला.

पुढचं सांगायची लाज वाटते. अर्ध्या तासाने गाडी पुन्हा सुरू झाली, आणि मी ती चालवत घरी आणली. वाटेत थांबून पिवळी चादर घेतली. घरी येऊन कठड्याचे ओरखडे पॉलिशने घासत बसले. का? तर तुला दिसू नयेत म्हणून. नवा आरसा कुठे मिळतो त्याची चौकशी केली. त्या रस्त्यावर मी नसते, तू असतीस, रोज असतीस, हे मला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं आणि मी घासत होते.

मला एकटीला राहवत नाही गं आता. हे मी कोणाला बोलले नाही. तुझ्या बाबाला तर नाहीच, तो लगेच पैसे पाठवतो. दिवसभर लोकांच्या घरी जाते, त्यांच्या खिडक्या मोजते, त्यांची भांडणं ऐकते, मुलं पायात येतात. घरी आले की कुलूप उघडल्याचा आवाज मला ऐकू येतो, इतकं शांत असतं. तू गाडीपायी का होईना येणार होतीस. गाडी नाही म्हटलं की तू हॉस्टेलवर जाणार. म्हणून मी 'ठणठणीत' लिहीत राहिले. वेडेपणा नाही हा, याला काय म्हणतात ते मी इथे लिहिणार नाही. तू मनात म्हण.

गुरुवारी संध्याकाळी पॉलिशचं फडकं पिळताना वर बघितलं, तर मागच्या सीटवर तुझ्यासाठी शिवलेली उशी ठेवलेली. त्या गाडीत मी तुझ्यासाठी उशी ठेवली होती! मग मात्र फडकं टाकलं. पायरीवर बसून रडले, आणि तिथूनच भंगारवाल्याला फोन केला.

गाडी आज सकाळी नेली. मुद्दाम हे पत्र लिहायच्या आधी न्यायला लावली. ती दारात उभी असती तर मी पुन्हा काहीतरी गोड लिहिलं असतं. चाव्या दिल्या, कव्हरं काढून घेतली. आता दारात तेलाचा एक डाग आहे आणि बाकी जागाच जागा.

तेव्हा, हॉस्टेलची खोली आजच्या आज पक्की कर. तू अजून 'नको' कळवलं नाहीस, हे मला तुझ्या पत्रांवरून कळत होतं, आणि मला त्याचा राग येत होता. बरं झालं, तू माझं ऐकलं नाहीस. आता हेही ऐक: माझ्यावर दया येऊन दोन बस आणि पुढे पायपीट असलं काही ठरवू नकोस. त्या हायवेच्या कडेने तू चालत जातेस, असा विचार करत मला जगायचं नाहीये. तिथे राहा. मैत्रिणी कर. रविवारी झोप काढ.

आणि खोली मिळाली की खिडकीचं माप पाठव. आतून घे, चौकटीच्या वर चार बोटं धर. टेप नसेल तर वितीने मोज आणि वीत कागदावर काढून पाठव. ऊन कुठल्या वेळी येतं तेही लिही, म्हणजे अस्तर कसलं लावायचं ते ठरवीन. पडदे कुरिअरने येतील. टांगायला मी येणार नाही, तू बोलावल्याशिवाय.

वाट बघत नाही, असं रोज स्वतःला सांगणारी,
तुझी आत्या